ओल्या पायांचं मत

आटपाट गाव होतं. तिथं चांगुणा कोळीण आणि तिचा नवरा हिराजी राहत. गावचे लोक होडीनं नदीतल्या बेटावर जाऊन, आपल्या माणसाच्या मडक्यात चिंचोका टाकून पाटील निवडत. पाण्यात उतरून होडी ढकलायचे ते कोळीच. यंदा पहिल्यांदाच कोळीवाड्यातून हिराजी उभा राहिला. झालं! जुन्या पाटलानं ऐन सकाळी काठावर दवंडी पिटवली, “आज ज्याचा पाय भिजला, त्याचं मत बाद!”

चांगुणा म्हणाली, “बरं तर, पाटीलबाबा. आम्ही कोळी आज पाण्यात उतरत नाही. होडी तुम्हीच ढकला.”

पाटील धोतर सावरत काठावरच! ढकलावी तर पाय भिजतो, न ढकलावी तर बेट लांब.

निवड बघायला आलेला राजाचा कारभारी पोट धरून हसला. “दवंडी रद्द! यापुढं मताचा नियम बदलायचा, तर आधी दरबारात विचारायचं.”

सांजेला मडकी उपडी केली, हिराजीचे चिंचोके जास्त निघाले, आणि पाटलाची पगडी चांगुणेच्या घरी आली.