सेनापतीच्या घशातला गोळा

फार पूर्वी चंपकपुरात अरिंदम राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व एका वैद्याच्या कुळात जन्मले होते. तिथला सेनापती वज्रबाहू म्हणजे मोठे धिप्पाड प्रकरण. त्याची एकुलती एक लेक पद्मिका सासरी निघाली, तेव्हा वेशीपाशी सगळे डोळे पुसत होते. हा मात्र ताठ उभा. घरी येऊन त्याने फर्मावले, “सेनापतीच्या घरात रडणे चालणार नाही!”

त्या दिवसापासून त्याच्या घशाखाली घास उतरेना. सतरा दिवसांत कमरपट्टा चार बोटे सैल झाला. राजवैद्यांनी सुवर्णभस्म चाटवून आपापली घरे तेवढी भरली. शेवटी बोधिसत्त्वांना बोलावणे गेले. त्यांनी नाडी पाहिली, घसा पाहिला, मग सहज मुलीची चौकशी केली. सेनापतीला जोराचा ठसका लागला.

“भस्म बंद करा,” बोधिसत्त्व म्हणाले. “मनातले बोलून टाका. नाहीतर जिवावर बेतेल.”

दुसऱ्या सकाळी वज्रबाहूने अख्खे सैन्य मैदानात उभे केले आणि तो गरजला, “मला मुलीची आठवण येते!”

“जशी आज्ञा!” पाच हजार सैनिक एका सुरात ओरडले.

घास काही उतरला नाही. तो तणतणत वैद्याकडे गेला. बोधिसत्त्वांना हसू आवरेना. “अहो सेनापती, हुकूम नव्हे! जे माणूस उलट विचारील, त्याला सांगा.”

त्याला उलट विचारणारे माणूस जगात एकच होते. त्याची बायको विरजा घरी तांदूळ पाखडत बसली होती.

“मला पद्मिकेची आठवण येते,” तो भिंतीकडे पाहत पुटपुटला.

“कधीपासून?”

“वरात वेशीबाहेर पडली तेव्हापासून.”

विरजाने सूप खाली ठेवले. “आणि मी इथे सतरा दिवस कोठीचं दार लावून एकटीच रडतेय! मला हाक नाही मारायची?”

वज्रबाहूने असा टाहो फोडला, की शत्रू आला समजून पहारेकरी तलवारी उपसून आत धावले.

“बाहेर व्हा,” विरजा डोळे पुसत म्हणाली. “आम्ही रडतोय.”

त्या दुपारी पोरीच्या खोड्या आठवत, मध्येच हुंदके देत, सेनापतीने तीनदा भात मागून घेतला.

कथा संपवून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “भिक्षूंनो, भाऊ गेल्यापासून अन्न टाकून गप्प बसलेला तुमच्यातला हा भिक्षू तेव्हा सेनापती होता. ‘काय झालं रे?’ म्हणून त्याच्याशेजारी बसलेला सोबती, ती विरजा. वैद्य मी होतो. दुसऱ्याचे दुःख ऐकणे ही करुणा. आणि आपले दुःख त्याला ऐकू देणे, हीसुद्धा करुणाच.”