माईंच्या खोलीतली जमीन

एकदा एक व्यापारी, नव्या घराचे काम संपत आले असता, एका वृद्ध आचार्यांकडे आला. घराला रंगही लागला होता. अडले होते ते आईच्या खोलीतल्या जमिनीवर. आई मागे घसरून पडली होती. हाड जुळले, पण भीती गेली नाही. मुलाचा हात धरल्याशिवाय ती पलंगावरून पाय खाली टाकत नसे. तिच्या खोलीत उत्तमातले उत्तम घालावे, अशी त्याची इच्छा होती आणि दुकानात इतके प्रकार होते की निवड होईना.

आचार्यांच्या शिष्याला प्रश्नच क्षुल्लक वाटला. एकीकडे अस्सल साग, दुसरीकडे सागाचे चित्र छापलेल्या वस्तू. यात निवडायचे काय?

आचार्य व्यापाऱ्याच्या घरी गेले. नमुन्यांना त्यांनी हातही लावला नाही. पलंगापासून दारापर्यंत एकापुढे एक पट्टे मांडायला सांगितले: आधी पॉलिश केलेला साग, मग सागाचे चित्र चिकटवलेल्या पातळ फळ्यांचे लॅमिनेट, मग लाकडी रेघांची टाइल आणि शेवटी सागासारखेच दिसणारे मऊसर विनाइल.

"माई, जरा दारापर्यंत येता का?" ते म्हणाले.

मुलाचा हात धरून माई निघाल्या. सागाच्या गुळगुळीत फळ्यांवर त्यांची बोटे मुलाच्या मनगटात रुतली. लॅमिनेट पावलाखाली पोकळ वाजले, तशा त्या दचकल्या. टाइलवर पाय आखडून घेतला. विनाइलवर मात्र दोन पावले टाकली आणि पदर सावरायला त्यांनी हात सोडला. परतताना विनाइल संपताच मुलाचा हात पुन्हा घट्ट धरला.

"इथे विनाइल घाला," आचार्य म्हणाले. "बाकी घरात साग शोभेल."

वाटेत शिष्याला राहवले नाही. "गुरुजी, आपण जन्मभर अस्सलाची महती सांगितलीत. मग आज नक्कल का निवडलीत?"

"तू जमीन पाहत होतास, मी माईंची बोटे पाहत होतो," आचार्य म्हणाले. "साग थोरच. पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, ओरखडा पडला तर घासून पुन्हा नवा होईल. पण माईंना पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी जमीन नको आहे, दारापर्यंत नेणारी हवी आहे. आणि नक्कल म्हणशील, तर ते विनाइल स्वतःला साग कुठे म्हणवते? तसे म्हणायला माणूस लागतो."

शिष्याला ते पटले नव्हते.

वास्तुशांतीला आचार्यांनी त्यालाच पाठवले. माईंच्या खोलीत डोकावून एक प्रतिष्ठित पाहुणा म्हणाला, "वा, इथेही सागच घातलात का?"

व्यापाऱ्याने नुसती मान हलवली असती तरी भागले असते.

"साग नाही, विनाइल आहे," तो म्हणाला. "आईला यावर एकटीने चालता येते."

"अस्सं," म्हणून पाहुणा पंगतीकडे वळला.

एवढ्यात माई पलंगावरून उठल्या आणि कुणाला हाक न मारता दाराकडे येऊ लागल्या. दारात उभा असलेला शिष्य त्यांना वाट देण्यासाठी बाजूला सरकला. आपण खऱ्या-खोट्याचा एवढा विचार केला, पण त्यात माईंचे पाऊल कुठेच नव्हते, हे त्याला तेव्हा उमगले.