उतारापूर्वीची प्रदक्षिणा

"मग आता तरी जाऊ ना खाली?"

शार्दूलने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चार्जरची पिन उपसली. स्वारीच्या नाकावर राग होताच.

विजेवर पळणारी चाकांची फळी त्याने घरीच बनवलेली. सगळं होतं, ब्रेक तेवढा नव्हता! टेकडीच्या उतारावर आपटला, हात मोडून घेतला. आबा म्हणजे त्याचे वडील, ते घाबरून ओरडले, "जाळून टाकीन ती फळी!" झालं. हात बरा होताच पठ्ठ्या फळी काखेत मारून वर मठात येऊन बसला.

मठातले निरंजनबुवा संन्यासाआधी तंत्रनिकेतनात शिकवायचे. पोरगं ओसरीत खटपट करतंय, हे ते नुसतं बघत होते.

"बुवा, पळवते तीच मोटार आता थांबवते. आबांना सांगतो, जाळा आता!"

"अरे वा! थांबवते कशी?"

"उतारावर चाकच मोटारीला फिरवतं. मग ती वीज घेत नाही, देते. त्यात चाकाचा जोर जिरतो."

"दिलेली वीज जाते कुठे?"

"बॅटरीत."

"आणि बॅटरी?"

"काठोकाठ भर..."

त्याची नजर आत्ताच उपसलेल्या पिनेवर गेली. ब्रेक त्याने अंगणात तपासला होता, तोही बॅटरी अर्धी उतरल्यावर. आज वीज घ्यायला जागाच नव्हती. ऐन उतारावर ब्रेक लागला नसता.

बुवांनी त्याच्या मोडून सांधलेल्या हातावरून हात फिरवला.

"समाधीला प्रदक्षिणा घाल. फळीवरून."

फरशीवर चाकं घरघरत राहिली. बुवा जपमाळ बाजूला ठेवून पोराकडे बघत बसले.

"बॅटरीत झाली जागा, बुवा. निघू?"

"आबा रोज संध्याकाळी पायथ्याशी येऊन उभे राहतात. ठाऊक आहे?"

"...मग वर का नाही येत?"

"तू खाली का नाही गेलास?"

शार्दूलचे डोळे भरून आले, पण मान काही खाली जाईना.

"भेटल्यावर पहिलं काय बोलशील?"

"...जाळा आता."

बुवांनी फळी हलकेच त्याच्या हातातून काढून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

"आणखी एक प्रदक्षिणा घाल, बाळा. ही पायी."