उजव्या हाताचा मोजा

ल्युब्ल्यानाच्या जुन्या भागात, किल्ल्याच्या पायथ्याशी, नदी सोडून दोन गल्ल्या आत गेलं की सहा खोल्यांचं एक लहानसं हॉटेल लागतं. खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, जिना इतका अरुंद की बॅग पुढे आणि माणूस मागे. दाराला मात्र घंटी नाही. चौकटीवर एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला लोकरीचा एकच हातमोजा टांगलेला असतो, उजव्या हाताचा. दारावर थाप द्यायची ती डाव्या हाताने, असा तिथला रिवाज. इतक्या वर्षांच्या डाव्या थापांनी फळीला एका बाजूला वाटीएवढा खळगा पडलाय.

सांगलीहून आलेल्या ऋजुताला आणि सारंगला यातलं काही ठाऊक नव्हतं. लग्नाला चाळीस दिवस झाले होते. पोहोचले त्या दुपारी ते दारात उभे राहिले तेव्हा सारंग म्हणाला, "म्हणे बुटीक हॉटेल. साधी बेल नाही." आणि त्याने उजव्या हातानेच दार ठोठावलं.

दार उघडलं ते मालकीण तोंचकाबाईंनी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पाठीत किंचित वाकलेल्या. त्यांनी बुकिंगचा कागद पाहिला, दोघांचे दमलेले चेहरे पाहिले आणि आधी आत बसवून गरम सूप दिलं. वाटी रिकामी झाल्यावर हळूच सांगितलं, की बुकिंग उद्यापासूनचं आहे आणि आज सहाही खोल्या भरल्या आहेत. पण 'जागा नाही' हे शब्द काही त्यांनी उच्चारले नाहीत. स्वतःची बैठकीची खोली दोघांना झोपायला दिली.

तारीख चुकवली होती सारंगने. ऋजुता कमी बोलणारी, पण बोलली तेव्हा नेमकं बोलली. "आई म्हणाल्या होत्या, आमचा सारंग फार काटेकोर. आधी सांगायचं ना, आईच्या मायेने बोलतायत म्हणून."

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघून गेला. जाकीट खुर्चीवरच राहिलं. ऋजुता त्या जाकिटासमोर बसून एकटीच नाश्ता करत होती. तोंचकाबाई अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेली गोड रोटी कापत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "घर भरलेलं असताना तुम्ही आम्हाला का घेतलंत?"

बाईंनी सुरी खाली ठेवली. "नेझामुळे," त्या म्हणाल्या, आणि सांगू लागल्या.

फार पूर्वी, नदीवर दगडी पूल नव्हता तेव्हाची गोष्ट सांगतात. याच घरात येर्नेय नावाचा पिंपं करणारा राहत असे. त्याच्या हातची लाकडी पिंपं अशी, की वर्षभर थेंब गळत नसे म्हणे. पिंपाला कान न लावता, उजव्या हाताच्या बोटांची पेरं त्यावर तीनदा वाजवून, दारू किती उरलीय ते तो सांगे. दोन जवळजवळ, एक जरा थांबून. घरी आला तरी दारावर तीच थाप. त्याची नवी नवरी नेझा आतून ओरडायची, "भरलेलं आहे की रिकामं?" आणि तो म्हणायचा, "जेवल्यावर सांगतो!" त्यावरून अख्खी गल्ली दोघांना चिडवत असे.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा दवंडी फिरली. समुद्रावर राजाची गलबतं उभी राहत होती, त्यांच्या पाण्याला पिंपं हवी होती. शहरातल्या प्रत्येक कारागिराला बंदरावर जाणं भाग होतं. निघायच्या दिवशी नेझाने त्याला लोकरीच्या हातमोज्यांची जोडी दिली. रडायचं नाही असं ठरवलेलं माणूस चेष्टा करतं, तशी ती म्हणाली, "हजार माणसांनी दार वाजवू दे, तुमची थाप मी ओळखीन."

"बघ हं," तो म्हणाला. "मग परत येईन तेव्हा मी हाक मारणार नाही. नुसता उभा राहीन."

"नका मारू हाक. शब्द आहे माझा."

असा तो शब्द ठरला. दोघांनी तो गमतीत दिला होता, पण दिला होता.

येर्नेय गेला. रिकाम्या खोल्यांत नेझा वाटसरूंना उतरवू लागली. हे हॉटेल तेव्हापासूनचं, असं म्हणतात. पहिलं वर्षभर दारावर कुणाचीही थाप पडो, ती हातातलं टाकून धावायची. कणकेच्या हातांनी, ओल्या केसांनी. मग गल्लीतल्या टवाळांना चाळा लागला. मीठ विकणारे, खाटीक, कोण कोण येऊन येर्नेयसारखी थाप देत. दोन जवळजवळ, एक थांबून. "चल, तुला नेझाची धाव दाखवतो," म्हणून परगावच्या पाहुण्यांनाही आणत. ती धावत यायची, दार उघडायची, आणि समोर हसणारी तोंडं.

तोंचकाबाई इथे थांबल्या. "लोक दुष्ट नव्हते," त्या म्हणाल्या. "त्यांना ती फक्त एक गंमत वाटत होती."

दुसऱ्या वर्षी नेझाने धावणं सोडलं. ती बसल्या जागी ऐकायला शिकली. पेर कुठलं, जोर किती, तिसऱ्या ठोक्याआधी श्वास केवढा. नक्कल तिला लगेच ओळखू येई. खरी थाप आली तरच उठायचं, एवढं तिने मनाशी बांधून घेतलं. कान इतके तयार झाले की ती स्वतःवरच खूश असे. तिसरं वर्ष असं गेलं.

सेंट मार्टिनच्या सणाचा दिवस होता. त्या दिवशी नवी दारू पिंपातून काढतात, गावोगावचे लोक शहरात येतात. घर माळ्यापर्यंत भरलेलं. नेझा परसात चादरी पिळत होती. भर दुपारी दारावर थाप पडली. बेताल, बोथट, खालच्या बाजूला. एखाद्याने कोपराने ढकलावं तशी.

नेझाने ऐकलं. ही थाप येर्नेयची नव्हती, एवढं तिला पक्कं कळलं. चादर न सोडता तिने आतूनच आवाज दिला, "जागा नाही! पुढच्या गल्लीत विचारा!"

थोड्या वेळाने पुन्हा एकदा थाप पडली. आधीपेक्षा हळू.

"एकदा सांगितलं ना, तुमच्यासाठी जागा नाही इथे!"

मग थाप पडली नाही.

संध्याकाळी वाती लावायच्या आधी ती उंबरा झाडायला गेली. उंबऱ्यावर एक हातमोजा नीट घडी घालून ठेवलेला होता. उजव्या हाताचा. कोरा करकरीत. एकदाही न घातलेला.

समोरच्या पाववाल्याने सांगितलं, "एक माणूस उभा होता बराच वेळ. उजवा हात मनगटापासून नव्हता त्याला. डाव्या हातात मोजा घातलेला होता, पार विरलेला. मी विचारलं, कोण हवंय? तर बोटाने गप्प राहा अशी खूण केली आणि हसला. मला वाटलं, वेडा असेल. मग तुझा आवाज आला आणि त्याचं हसू गेलं."

पुढचं तुकड्यातुकड्यांत कळलं म्हणे. पहिली थंडी पडण्याआधीच बंदरावर पिंपांची उतरंड कोसळली, त्याखाली येर्नेयचा हात गेला; तरी तीन वर्षं त्याला तिथेच ओझी वाहायला ठेवून घेतलं. पिंपांच्या कारागिराला हात नाही म्हणजे त्याचं सगळंच गेलं. अशा माणसाला घर आपलं म्हणेल का, हीच एक धास्ती घेऊन तो पंधरा दिवस चालत आला. हाक मारली असती तर दार त्याच क्षणी उघडलं असतं. पण शब्द होता. आणि त्याला पाहायचंही असेल, उरलेल्या हातालासुद्धा ती ओळखते का ते.

नेझा तशीच अनवाणी नदीपर्यंत धावली. त्या दिवशी तिची धाव बघायला कुणी थांबलं नाही, सगळे तिच्यामागे धावले. मीठवाले, खाटीक, सगळे. खालच्या धक्क्यावरून लाकडाचा एक तराफा सुटला होता एवढंच समजलं. कुणी म्हणतात येर्नेय त्यावर होता, कुणी म्हणतात तो डोंगराकडे गेला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

नेझा म्हातारी होऊन गेली. पण त्या दिवसानंतर तिने आतून कधी उत्तर दिलं नाही. घर भरलेलं असो, हात पिठात असोत, ती उठायची, दार उघडायची, माणसाला समोर उभं करून बघायची. आणि 'जागा नाही' हे शब्द तिने या घरातून कायमचे काढून टाकले.

"तो मोजा?" ऋजुताने विचारलं. तिचा चहा कधीच निवला होता.

"खरा कसरीने खाल्ला. नंतरचेही खाल्ले. या घरातली बाई दर हिवाळ्यात नवा विणते. आधी माझी आजी, मग आई. हा माझा." बाई जरा हसल्या. "अंगठा वाकडा झालाय. डोळे राहिले नाहीत."

एवढ्यात दारावर थाप पडली.

ऋजुता मोबाइलवरचं घड्याळ बघून म्हणाली, "पाववाला असेल. याच वेळेला येतो असं कालच म्हणालात तुम्ही. तुम्ही बसा ना."

तोंचकाबाई टेबलाला हात टेकवून उठल्याच होत्या. "पाववालाच आहे. मीही ओळखते," त्या म्हणाल्या. "नेझानेही ओळखलं होतं."

गुडघे धरत त्या निघाल्या. चार पावलं गेल्यावर ऋजुता उठली आणि सारंगचं जाकीट हातात घेऊन त्यांच्या मागे गेली.

दारात पाववालाच होता. त्याने टोपली दिली, टोपी उचलली आणि गेला. बाईंनी दार लावलं नाही. त्या उंबऱ्यावर आल्या, गल्लीत नदीच्या बाजूला पाहिलं, मग किल्ल्याच्या बाजूला पाहिलं. त्यांच्या शेजारी उभं राहून ऋजुतानेही दोन्हीकडे पाहिलं. गल्ली रिकामी होती. काल सारंगने कुठल्या हाताने दार वाजवलं ते तिला आठवत होतं. कसं वाजवलं ते मात्र काही केल्या आठवेना.

आजही त्या घरात थाप पडली की आतून कुणी उत्तर देत नाही. जेवणावरून उठून कुणीतरी दार उघडतं, आलेल्याला डोळे भरून बघतं. आणि दार लावण्याआधी गल्ली दोन्ही बाजूंनी एकदा पाहून घेतं.