समुद्राचा मान

फार पूर्वी समुद्राच्या काठी कोळ्यांचं एक गाव होतं. नाव विचारू नका. अशी गावं तेव्हा पुष्कळ होती, आणि आज नाहीत असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही.

पावसाळाभर वाळूवर ओढून ठेवलेले मचवे, म्हणजे मोठ्या होड्या, नारळी पुनवेच्या उधाणात पाण्यात लोटायचे. तळाखाली ओंडके घालायचे, पुढून चाळीसजणांनी दोर ओढायचा, मचवा उतारावरून सुसाट सुटू नये म्हणून मागून चौघांनी दोर धरायचा, आणि मालकाच्या घरच्या एकाने खाली वाकून ओंडके सरकवायचे. आणि या सगळ्याआधी काय? तर मालकाने सगळ्यांना करवंटीतून दारू पाजायची, अगदी पोटभर. ही त्या गावची रीत.

आता तुम्हीच सांगा, वर चव्वेचाळीस झिंगलेले आणि खाली एक वाकलेला. व्हायचं तेच व्हायचं. दर वर्षी कुणाचा हात जायचा, कुणाचा पाय, कधी जीवच. आणि गाव काय म्हणायचं? “समुद्रानं मान घेतला!” पाय गेलेल्याच्या गळ्यात हार पडायचा, मोसमातलं पहिलं पापलेट त्याच्या घरी पोचायचं, की झालं. समुद्र बिचारा बोलू शकत नव्हता, म्हणून सगळा आळ त्याच्यावर.

त्या गावात धर्मी नावाची एक कोळीण होती. तिचा नवरा असाच ओंडके सरकवताना मचव्याखाली गेला. तिलाही हार मिळाला, पापलेट मिळालं. धर्मीनं ते पापलेट मांजरापुढं टाकलं. पुढं बारा वर्षं सुकी मासळी विकून तिनं पोराला वाढवलं आणि एक नवा मचवा बांधला. त्या वर्षी तो पाण्यात जायचा होता, आणि खाली वाकायचा होता तिचा विशीतला लेक.

नव्या मचव्याचा नंबर पहिला, बाकीचे मागून, हीसुद्धा तिथली रीतच. पुनवेला सकाळी गाव गोळा झालं. पाटलानं इकडं तिकडं पाहिलं.

“धर्मी, मडकी दिसत नाहीत ती?”

“नाहीतच, पाटील. नारळ फोडलेत, पोहे कालवलेत. हवे तेवढे खा. दारू मिळायची नाही.”

“अगं, खाली तुझाच लेक वाकणार ना? समुद्र कोपला तर?”

“तो नाही कोपत. तुमचे पाय लटपटतात!”

पाटलाचा चेहरा उतरला. “मग दोराला कुणाचा हात लागणार नाही.”

“नका लावू! माझा मचवा इथं वाळूत कुजला तरी बेहत्तर. झिंगलेल्या हातांखाली माझं पोर वाकणार नाही.”

लेक हळूच म्हणाला, “आई, एक दिवसाचं तर आहे. बघ, सगळे हसताहेत.”

“हसू देत. तुझ्या बापाच्या वेळीही सगळे हसतच होते,” धर्मी म्हणाली.



उधाण चार दिवसांचं. तेवढं मोठं उधाण मग वर्षभर येत नसे. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. आता गंमत बघा. नवा मचवा हलल्याशिवाय दुसरा हलवायचा नाही आणि दारू पाजायची ती मालकानंच, तीही दोराजवळच. त्यामुळं सगळं गाव कोरडं बसलेलं आणि सगळे मचवे वाळूवर! रीत मोडली म्हणून बोंब मारणाऱ्यांना ही दुसरी रीत काही मोडवेना. मग काय, सगळा राग धर्मीवर. “हट्टी बाई गावाला उपाशी मारणार,” असं बायकासुद्धा बोलू लागल्या.

तिसऱ्या दिवशी धर्मी उठली आणि ज्यांना ज्यांना हार मिळाला होता त्यांच्या दारोदार फिरली. अकरा घरं होती ती. पहिलं घर म्हाताऱ्या तांडेलाचं, एका पायाच्या. पूर्वी तो मचवा चालवायचा.

“तांडेलकाका, देवाशप्पथ सांगा. पाय समुद्रानं नेला?”

म्हाताऱ्यानं कुबडी बाजूला ठेवली. “नाही गं. मागचा दोर धरणारा लुढकला. अन् मीही दोन करवंट्या चढवल्या होत्या. नाहीतर वेळीच उडी मारली असती की.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“मान मिळत होता, पोरी. मान सोडून लंगडा म्हणवून घ्यायला कुणाला आवडतं?”

“उद्या म्हणवून घ्या,” धर्मी म्हणाली. “माझ्या लेकासाठी.”

चौथ्या दिवशी, शेवटच्या भरतीला, अकराजण वाळू तुडवत आले. कुणी कुबडीवर, कुणी थोट्या हातानं, आणि धर्मीसारख्याच दोन विधवा. त्यांनी दोर उचलला तशी गर्दीत खसखस पिकली.

तांडेल गरजला, “हसा! मी दारूनं लंगडा झालो! समुद्रानं नाही!”

“माझा हात दारूनं नेला!” दुसरा ओरडला.

“माझा धनी दारूनं नेला! तुमचा हार घाला चुलीत!”

खसखस थांबली. अकराजणांनी जीव खाऊन दोर ओढला. मचवा करकरला, वीतभर हलला आणि थांबला. तेव्हा गर्दीतून एक तरणा गडी खाली मान घालून आला आणि त्यानं दोर धरला. त्याच्यामागून दुसरा आला. मग बायका आल्या, कालपर्यंत बोटं मोडणाऱ्यासुद्धा. पुढचा दोर भरला. मागच्या दोराला तिघं झाले, चौथा हवा होता, आणि पाटील तेवढा लांब उभा होता. धर्मीच्या नवऱ्याच्या वेळी मागचा दोर पाटलाच्याच हातून सुटला होता. गावाला ते ठाऊक होतं, पण कधी कुणी बोललं नव्हतं.

धर्मीनं हाक मारली, “पाटील, या. आज शुद्धीवर आहात. धरा दोर.”

पाटील आला आणि त्यानं दोर मनगटाला गुंडाळला. लेक खाली वाकला. धर्मीनं डोळे मिटले नाहीत. “हैऽशा!” मचवा निघाला. उतारावर त्यानं जोराचा हिसका दिला, पाटलाच्या तळव्याची साल निघाली, पण दोर सुटला नाही. मचवा पाण्यावर तरंगला आणि लेक ओलाचिंब होऊन, धडधाकट हातापायांनी किनाऱ्यावर आला. धर्मीनं त्याला मिठी मारली आणि बारा वर्षांचं रडून घेतलं.

पाटील आपल्या रक्ताळलेल्या हाताकडं बघत म्हणाला, “धर्मी, त्या दिवशीही सुटला नसता गं.”

“नसताच सुटला,” धर्मी म्हणाली. “हे आता दर वर्षी सगळ्यांपुढं सांगा.”

आणि पाटील सांगू लागला. तेव्हापासून त्या गावात दोराला हात लावण्याआधी ते अकराजण प्रत्येकाचं तोंड हुंगू लागले. पाटलाचं सगळ्यांत आधी.

तात्पर्य हवंच असेल तर हे घ्या: व्यसनानं केलेला घात देवाच्या माथी मारू नका. रीत कितीही जुनी असो, तिचा घाव सोसलेली माणसं उघड बोलली की ती मोडते.