डोंगर गेला, सावली राहिली

फार मागची गोष्ट आहे, लहानथोरांनो. तेव्हा राजे होते, प्रधान होते, आणि माणसं खोटं बोलताना निदान खाली बघायची.

एका राजानं आपल्या प्रधानाला सांगितलं, की राज्यात काय काय आहे त्याची यादी कर. प्रधान वर्षभर फिरला. सागाची जंगलं लिहिली, चुनखडीच्या टेकड्या लिहिल्या, बारमाही नद्या, किनाऱ्यावरची मिठागरं, बांबूची बेटं, जमिनीतले कोळशाचे थर, सगळं लिहिलं. यादी ऐकून राजा म्हणाला, एवढं असून आपण गरीब कसे?

प्रधान म्हणाला, "महाराज, हे सगळं झोपलेलं आहे. उठवायला पाहिजे."

आणि यादीतल्या सगळ्यात जड नावावर त्यानं बोट ठेवलं. लोखंडाचा डोंगर.

त्या डोंगराच्या पश्चिमेला, अगदी कुशीत, एक गाव होतं. बाया डोंगराखाली पडलेले दगड वेचायच्या. पुरुष छोट्या भट्ट्या लावून त्यांचं लोखंड काढायचे, फाळ, विळे, तवे करायचे. दगड तांबूस काळा आणि वजनाला असा, की पोराच्या हातातून निसटावा. घरातले पाटे-वरवंटे त्याचेच, जाती त्याचीच, उंबरेही त्याचेच. गावाचा नियम एकच होता. डोंगरानं टाकलेला दगड आपला, डोंगराच्या अंगचा दगड डोंगराचा. त्याला पहार लावायची नाही. राजाच्या पणजोबानं शब्द दिला होता, की गावानं हो म्हटल्याशिवाय डोंगराला कुणी हात लावणार नाही. आणि गावातर्फे हो म्हणायचं ते दगड वेचणाऱ्या बायांच्या म्होरकीनं.

तेव्हा म्होरकी होती कोंडाई. नवरा मागेच गेलेला. तोंडानं फटकळ, हाताला उसंत नाही, आणि एका दुःखानं आतल्या आत जळणारी. तिचा लेक सटवा तिशीला आला तरी बिनलग्नाचा होता.

कारण काय, तर सावली. डोंगर पूर्वेला, त्यामुळे गावावर ऊन यायचं दुपारी. सकाळभर डोंगराची सावली घरादारांवर पसरून असायची आणि मध्यान्हीला मागे मागे सरकत पायथ्याशी जाऊन मुरायची. अशा गावात पोरगी कोण देणार? एका पाहुण्यानं तर जेवून हात धुताना विचारलं होतं, की तुमच्यात कोंबडा दुपारी आरवतो म्हणे, मग आमच्या पोरीनं सडा कधी घालायचा? चार माणसं हसली. कोंडाईनं ते ऐकून घेतलं. विसरली मात्र नाही.

प्रधान गावात आला आणि पारावर बसला. त्यानं विचारलं, हा डोंगर तुम्हाला काय देतो? लोक म्हणाले, दगड देतो. आणखी काय?

"सावली," कोंडाई म्हणाली. "नको तेवढी."

प्रधान हुशार. त्यानं तिथल्या तिथे सौदा मांडला. लोखंड राजाचं, ऊन तुमचं. डोंगर उतरेल तशी सावली आखडेल, आणि डोंगर संपला की उगवतीचं ऊन तुमच्या चुलीपर्यंत येईल. बाकीच्या बाया डोंगराकडे बघू लागल्या. कोंडाईच्या डोळ्यांपुढे मात्र मांडव उभा राहिला.

तिचा धाकटा दीर भिवा पाराच्या कडेला बसला होता. भट्टीची ठिणगी उडून त्याचे दोन्ही डोळे गेले होते, त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. तो म्हणाला, "वहिनी, सावली घालवतेस ते ठीक. तिला पाठवणार कुठं?"

"भाऊजी, तुम्हाला डोळे नाहीत. तुम्हाला ऊन काय नि सावली काय."

"म्हणून तर सांगतो. ती रोज येते नि जाते, ते मला कातडीला कळतं. ती दुपारी घरी जाते, वहिनी. तिचं घर तो डोंगर आहे."

कोंडाईनं पदर खोचला आणि प्रधानाला हो म्हणून टाकलं.

मग शेकडो पहारी आल्या, हजारो गाड्या आल्या. पहिल्या वर्षी शिखर गेलं, आणि खरंच ऊन थोडं लवकर आलं. दुसऱ्या वर्षी खांदे गेले, ऊन आणखी लवकर आलं. लोकांनी कोंडाईला दुवा दिला. ज्यानं कोंबड्यावरून टोमणा मारला होता, तोच पाहुणा नारळ घेऊन आला आणि आपली पोरगी सटवाला देऊन गेला. कोंडाई मांडवात त्याला म्हणाली, की आता आमचा कोंबडा तुमच्या आधी आरवतो, निजलात तर सांगा, उठवायला पाठवते. पाहुणा हसला. काय करतो बिचारा.

तिसऱ्या वर्षी म्हशीच्या पाठीएवढाच डोंगर उरला. त्याची सावली घोंगडीएवढी. ऐन मध्यान्हीला तो उरलेला दगडही फोडला, गाडीत घातला आणि नेला.

घोंगडीएवढी सावली तिथेच राहिली.

वर मोकळं आभाळ, डोक्यावर सूर्य, आणि सपाट जमिनीवर ती सावली. ज्याची म्हणावी असं आजूबाजूला काहीच नाही. राजाच्या माणसांनी तिच्यावर पाय ठेवून पाहिला. एकानं पाणी ओतलं, पाणी वाहून गेलं, सावली ओली झाली नाही. माणसं हसली, पण गाड्या मात्र त्यांनी घाईनं हाकल्या. पारावर बसलेला भिवा इतकंच म्हणाला, "वहिनी, दुपार टळली. ती गेली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सावली पूर्वीएवढी झाली होती. सबंध डोंगराची. आणि त्या दिवसापासून ती हललीच नाही.

आता नीट ऐका. अंधार नव्हता तो. मान वर केली की सूर्य दिसायचा, लख्ख. पलीकडच्या गावाची शेतं पिवळी धमक दिसायची. फक्त इथे ऊन खाली पोचत नव्हतं. धुणी चार चार दिवस ओली. कोंबड्या दिवसभर माळ्यावर, अंडी बंद. ज्वारी उगवली ती उंदराच्या शेपटीसारखी पांढुरकी. दुधाला लोखंडाची चव. कुत्र्यांनी घराच्या आत यायचं सोडलं. माणसांच्या पायांशी आपापली सावली असते ना, तीही कुणाची दिसेना. त्या मोठ्या सावलीत सगळ्यांच्या बुडून गेल्या होत्या.

पुढे ती घरात शिरू लागली. दुपारचं भाकरी थापताना कोंडाईला वाटायचं, उंबऱ्यावर कोणीतरी बसलंय. वळून पाहावं तर कोणी नाही, पण उंबऱ्याचा दगड जरा जास्त काळा. बाहेर जाताना ती नकळत पाय उंच उचलायची, बसलेल्या माणसाला लागू नये म्हणून उचलतो तसा. मग शेजारणींकडे पाहिलं, तर त्याही तसाच पाय उचलत होत्या.

भिवा म्हणाला, "ती दारं चाचपत फिरते. घर शोधते."

सुनेला नववा महिना लागला, तशी कोंडाई उठली आणि चालत राजधानीला गेली. राजाच्या वेशीला नवं लोखंडी दार बसवलं होतं, हत्तीपेक्षा उंच. भर उन्हात उभं होतं ते. कोंडाईनं सवयीनं खाली पाहिलं. दाराची सावलीच नव्हती. पहारेकऱ्यांची होती, त्यांच्या हातातल्या भाल्यांच्या काठ्यांची होती. पात्यांची नव्हती.

दरबारात ती म्हणाली, "महाराज, लोखंड तुमच्याकडे आलं, सावली आमच्याकडे राहिली. तुम्ही त्यांची ताटातूट केलीत. आणि मी करू दिली."

प्रधानानं यादी उलगडून वरपासून खालपर्यंत पाहिली. यादीत सावली नव्हती, म्हणून तिचं काही करता येत नव्हतं. राजाला दया आली, त्यानं शंभर दिवे आणि तेलाचे दहा बुधले दिले. कोंडाईनं ते तिथेच ठेवले. दिव्यांनी सावल्या जातात की वाढतात, एवढं तिला कुणी न शिकवताही कळत होतं.

ती परत आली आणि तिसऱ्या दिवशी नातू झाला.

बाळ रडलं नाही. डोळे उघडे, पण कशाच्या मागे फिरत नव्हते. अंग नदीतल्या गोट्यासारखं गार. सुईणीनं तळवे चोळले, शेकलं, ओव्याची धुरी दिली, आणि शेवटी म्हणाली, "कोंडाई, याला शेक नको, ऊन पाहिजे. चार दिवस काढेल. फार तर पाच."

सटवानं बाळ-बाळंतिणीला बैलगाडीत घातलं, चाकाला टेकण लावायचा डोंगराचा दगड नेहमीसारखा मागे टाकला आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत नेलं. ऊन समोर दिसत होतं, शेताच्या बांधावर. गाडी बांधापलीकडे गेली आणि सावली चाकांखालून तिच्याबरोबर गेली. पिवळं शेत करडं झालं. तिथले लोक ओरडले नाहीत. नुसते हातात काठ्या घेऊन ओळीनं उभे राहिले. त्या ओळीत सुनेचा बापही होता. सटवानं बैल वळवले.

पाचवा दिवस आला. पाचवीला पाटा-वरवंट्याची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. सटवाई येते, बाळाच्या कपाळावर लिहिते. बाळ असं पडलेलं आणि पूजा कसली मांडायची, सून भिंतीकडे तोंड करून म्हणाली. कोंडाई म्हणाली, "लिहिणारीला कोरी पाटी दाखवू नये." आणि सकाळीच ती वरवंटा धुवायला बसली.

वरवंटा कोमट होता.

घरात चूल सोडली तर काहीच कोमट नव्हतं. बाळसुद्धा नव्हतं. तिनं पाट्याला हात लावला, तोही कोमट. मग तिनं पाहिलं, की घरातली सगळी काळोखी पाट्याभोवती गोळा झाली होती. आईला वासरू बिलगावं तशी. उंबरा काळा का पडायचा, तेही तिला आत्ता कळलं. उंबरा डोंगराचा, पाटा डोंगराचा. सावली माणसांना छळायला आलीच नव्हती. नात्यातलं एवढंच उरलं होतं, त्याच्यापाशी ती येऊन बसत होती.

कोंडाईनं चुंबळ केली, पाटा डोक्यावर घेतला, वरवंटा ओटीत घातला आणि चालायला लागली. जिथे डोंगर होता तिथे आता खळगा होता. तिनं मागे पाहिलं नाही, पण पाठीवर गारवा चालत येत होता, पावलाला पाऊल. पारावरून भिवा म्हणाला, "वहिनी, मागं वळू नकोस. येतेय ती."

खळग्याच्या मधोमध तिनं पाटा ठेवला, वर वरवंटा ठेवला.

"बाई, तुझं घर मी मोडलं," ती म्हणाली. "पोराच्या लग्नापायी मोडलं. हा घे पाया. बाकीचं मरेपर्यंत घालीन."

मध्यान्ह झाली. पाट्याखाली काहीतरी सरकल्यासारखं झालं, आणि मग तिथे सावली होती, पाट्याएवढी, नीट, काठाला काठ लावून.

कोंडाई धावत घरी आली. अंगणात ऊन पडलं होतं. फार नाही, सुपाएवढं. तिनं सूप आणलं, त्यात धुडकं अंथरलं, बाळाला ठेवलं आणि सूप बरोबर त्या उन्हात टेकवलं. सुनेनं तोंडात पदर कोंबला होता. सटवा दाराला धरून उभा होता. बराच वेळ काही झालं नाही.

मग बाळ शिंकलं, आणि रडलं. असं रडलं की सगळं गाव दारात आलं.

त्यानंतर कोणाला काही सांगावं लागलं नाही. लोकांनी पाटे काढले, जाती उचलली, उंबरे उखडले. सहा महिने गावात कोणी भाकरी खाल्ली नाही, घुगऱ्या शिजवून खाल्ल्या. जो जेवढा दगड वाही, तेवढं ऊन त्याच्या अंगणात पडे. एकानं जातं लपवून नुसता खलबत्ता वाहिला, तर त्याच्या दारात टोपीएवढं ऊन पडलं. ते बाया येताजाता दाखवायच्या. दुसऱ्या दिवशी त्यानं जातं आणलं.

आणि तिकडे राजाचं काय? सावली नसलेलं लोखंड टिकत नाही. फाळ मातीवरून घसरत होते, तलवारी भाकरीसुद्धा कापत नव्हत्या, आणि ते हत्तीएवढं दार एका पावसाळ्यात गंजून वेशीतच पडलं. प्रधान पुन्हा गावात आला, या वेळी पायी. त्यानं विचारलं, की तुमची सावली विकत द्याल का?

कोंडाई म्हणाली, "ती कोणाची नाही, डोंगराची आहे. लोखंड आणून टाका. ती आपण होऊन येईल."

गाड्या गेल्या त्याच वाटेनं परत येऊ लागल्या. न्यायला तीन वर्षं लागली होती. परत आणायला तीस लागली. कोंडाई तोवर राहिली नाही. सुपातल्या त्या नातवानं शेवटची गाडी रिती केली, तेव्हा त्यालाही लेकरं झाली होती. त्या गावात आजही ऊन दुपारी येतं. सकाळी बाया उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना पाय जरा उंच उचलतात, आणि मध्यान्हीला सावली परत निघाली की म्हणतात, नीट जा गं घरी.

आपल्या फायद्यासाठी ज्याचं घर मोडाल, तो शेवटी तुमच्याच उंबऱ्यावर येऊन बसेल.