वयाचा रकाना

“पण बाई, आकडाच नसलेलं वय लायब्ररीनं वाचायचं तरी कसं?”

शिरीष खरवडेनं हे दुसऱ्यांदा विचारलं. पुण्याहून नाशिक, तिथून जव्हार, पुढे जीप... अंग आंबून गेलं होतं त्याचं.

निमकर बाई खिडकीशी बसल्या होत्या. कॉलेजात त्यांनीच त्याला प्रोग्रॅमिंग शिकवलं. निवृत्तीनंतर त्या इथं, डोंगरातल्या एका लहान दवाखान्याचा कॉम्प्युटर सांभाळत होत्या.

शिरीषची लायब्ररी म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून वापरायचा तयार कोड. तिचं काम तसं साधं. स्प्रेडशीटमधली एकेक ओळ वाचायची आणि तिचं ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रॅमला हाताळता येईल अशी एक नोंद, करायचं. ओळ म्हणजे एक माणूस. नाव, गाव, वय हे त्याचे गुण. ऑब्जेक्टमध्ये काही बदललं की लायब्ररी ते शीटमध्ये परत लिहायची. सहा वर्षं खपून त्यानं एकट्यानं ती घडवली होती. शेकडो लोक ती वापरत. बाईंनीही विश्वासानं वापरली.

मोतीबिंदूच्या शिबिराची यादी तिच्यातून गेली. चारशे बारा ओळी आत गेल्या, तीनशे एकोणनव्वद बाहेर आल्या. तेवीस जणांच्या वयाच्या रकान्यात आकडा नव्हता. त्यांची ऑब्जेक्ट झाली नाहीत, म्हणून त्या ओळी परत लिहिल्याही गेल्या नाहीत.

शिबिराच्या दिवशी ती माणसं डोंगर उतरून आली. यादीत नाव नाही म्हणून तशीच माघारी गेली.

“माझ्या लायब्ररीनं आजवर एकही चुकीचं ऑब्जेक्ट बनवलेलं नाही,” शिरीष म्हणाला.

“खरंय.”

“मग यादी भरणाऱ्यानं नीट भरायला हवी होती.”

बाईंनी एक वही पुढे सरकवली. आरोग्यसेविका यमुनाताईंनी घरोघर फिरून हातानं लिहिलेली मूळ यादी. गळालेल्या तेवीस नावांपुढे पेन्सिलीची खूण.

“वाच.”

“बाई, मी बघितलंय ते...”

“मोठ्यानं.”

त्यानं सुस्कारा टाकला.

“लखमी भोये. वय, धरण बांधलं तेव्हा लग्नाची होते.”

“पुढे.”

“सोमी गावित. वय, थोरल्याला विचारा.”

त्याला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

“भिवा वाघ. वय...”

तो थांबला.

“वाच की.”

“दिसत होतं तोवर मोजलं.”

...

बाहेर कुणीतरी हंडा घासत होतं.

“हे वय नाही, बाई,” तो म्हणाला. पण आवाजातला जोर गेला होता.

“रकाना रिकामा आहे?”

“नाही.”

“मग?”

शिरीषनं लॅपटॉप उघडला. लायब्ररीला एवढंच शिकवायचं होतं, जे वाचता येत नाही ते जसंच्या तसं बाजूला धरायचं आणि लिहिताना परत त्याच जागी ठेवायचं. दुपार उलटायच्या आत काम झालं. सहा वर्षांत हे सुचलं नव्हतं.

मग त्यानं वहीतल्या तेवीस ओळी एकेक करून टाइप केल्या.

“झालं, बाई. सगळे आले परत.”

“शीटमध्ये आले.”

तो बघत राहिला. डॉक्टर पुन्हा पंधरा दिवसांनी येणार होते. त्या माणसांना हे कुणीच सांगितलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस तो यमुनाताईंच्या मागोमाग पाडे पालथे घालत होता. चढ संपत नव्हते. पायाला फोड आले. प्रत्येक दारात तेच सांगायचं, नाव माझ्यामुळे गेलं.

सोमी उंबऱ्यातूनच म्हणाली, “एकदा आले होते. आता नाय यायची.”

त्यानं हात जोडले. ती भिंत चाचपत आत निघून गेली.

भिवानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. “यादीवाला तूच का?”

“हो.”

“मग माझं नाव वाच.”

शिरीषनं वाचलं. भिवानं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, “येतो.”

वीस जण यायला कबूल झाले. दोघं कामासाठी दूर गेले होते, त्यांचा पत्ता लागला नाही. सोमी तयार झालीच नाही.

चौथ्या दिवशी तो बाईंसमोर येऊन बसला. पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं.

“आणखी किती जणांच्या याद्यांतून अशी माणसं गळली असतील, बाई?”

“ठाऊक नाही.”

“तुम्हाला राग नाही येत माझा?”

“ती लायब्ररी इथं मीच बसवली.”

...

“नको झालंय आता,” तो म्हणाला. “लायब्ररी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती सोपवून मोकळं व्हावं म्हणतो.”

बाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे.

“सोपव. फक्त असे पाडे चढून तुझ्याइतकाच दमलेला माणूस बघ.”